मुलाच्या मानेवरचा काळेपणा मळ समजून घासत राहिलो. आता घरातलं खाणं कसं बदलायचं?

शाळेतली_बाई (सांगली जिल्हा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवते. प्रश्न घरचा आहे, पण मला तो शाळेत कळला, म्हणून तिथूनच सांगते.

जुलैत आमच्याकडे आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. दरवर्षी येतं. मी नोकरीला लागले तेव्हा या तपासणीत आम्ही एकच गोष्ट बघायचो, वजन कमी कोणाचं आहे. तेवढी यादी करायची, आयांना बोलावून घ्यायचं, शाळेतली खिचडी पोटभर खाल्ली की नाही यावर लक्ष ठेवायचं. या वेळी पाचवीच्या ३४ मुलांत सात कमी वजनाची निघाली आणि पाच जास्त वजनाची. पाच! त्यातल्या दोघांचे आईबाप दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. मी पथकातल्या डॉक्टरबाईंना म्हटलं, वजनकाटा एकदा तपासून घ्या. काटा बरोबर होता.

डॉक्टरबाई एका मुलाची कॉलर बाजूला करून मानेमागे बघत होत्या. तिथे काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता. मला म्हणाल्या, "याची आई रोज घासत असणार बिचारी. हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसलं की कातडी अशी होते." मी तिथंच बाकावर बसले, कारण तस्साच पट्टा माझ्या धाकट्याच्या मानेवर आहे.

धाकटा ११ वर्षांचा, गावातल्याच दुसऱ्या शाळेत. दीड वर्ष झालं, दर रविवारी त्याच्या मानेला डाळीचं पीठ, दही, लिंबू लावून आम्ही घासतोय. सासूबाई तर ओल्या पंचाने इतकं रगडायच्या की पोरगा "आजी, दुखतंय गं" म्हणून ओरडायचा. मान लालबुंद व्हायची आणि दुसऱ्या दिवशी होती तशी काळी. "किती रे मळ तुझ्या अंगाला, आंघोळ करतोस की नुसतं पाणी ओतून घेतोस" हे मीही बोललेय त्याला, पाहुण्यांसमोर. ते आठवलं की आता जेवण जात नाही.

उंची १४२ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर ९८ आली, म्हणजे अजून हद्दीत आहे, पण सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. अकरा वर्षांच्या लेकराच्या यकृतावर! आणि याच घरात मोठी मुलगी दहावीला आहे, तिचं वजन ३९ किलो आणि हिमोग्लोबिन ९. दोघं एकाच परातीतल्या कणकेच्या चपात्या खातात.

खातो काय, तेही लपवत नाही. सकाळी दूध आणि बिस्किटं. डब्यातली चपाती-भाजी अर्धी परत येते. शाळेबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांचं पाकीट, कधी एक कधी दोन. संध्याकाळी क्लास, क्लासच्या कोपऱ्यावर वडापाव आणि चायनीजच्या गाड्या. रात्री जेवताना समोर मोबाइल. शाळेत जायला-यायला रिक्षा, कारण मधला रस्ता ट्रकांचा. आम्ही लहानपणी ज्या माळावर खेळलो तिथे आता प्लॉट पाडलेत.

जन्मला तेव्हा हा २ किलो २०० ग्रॅमचा होता. बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, हाताला लागत नाही गं पोर. सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं. तूप-साखर, दुधात कुस्करलेली बिस्किटं, डब्यातली पावडर. वर्षाचा होईपर्यंत गल्ली म्हणायला लागली, काय बाळसं आहे! तेव्हा मलाही छाती भरून आल्यासारखं व्हायचं.

सासूबाई बहात्तरच्या दुष्काळात बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यावर त्यांनी दिवस काढलेत. ताटात कोणी अन्न टाकलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या म्हणतात, "पोटाला चिमटा म्हणजे काय हे माझ्या नातवाला कळता कामा नये." या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की नातवाला कमी वाढा?

शेजारचे म्हणतात, दोनच वेळा जेवू घाला, त्यांचं स्वतःचं वजन तसं उतरलंय. मला मुलाच्या बाबतीत ते धाडस होत नाही. मुलीला जास्त आणि मुलाला कमी, असं एकाच पंगतीत वाढायचं तरी कसं? आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी कसं बोलू? तो आता भर उन्हातसुद्धा जॅकेट घालून शाळेत जातो, चेन गळ्यापर्यंत ओढून.

---

रानवारा

मोबाइल काढून घ्या आणि मैदानात सोडा. आमच्या लहानपणी होतं का कोणी जाड? सगळे काटक.

---

शाळेतली_बाई

दादा, मोबाइलचं पटतं. मैदान कुठून आणू? तालुक्यात एक आहे, तिथे संध्याकाळी मोठ्या मुलांचे क्रिकेटचे सामने असतात.

---

किराणा_बार्शी

ताई, माझं बार्शीत किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. तुम्ही मोकळेपणी लिहिलंत म्हणून मीही लिहितो.

वडिलांच्या वेळी पोरं चार आणे घेऊन यायची. बरणीतून फुटाणे, शेंगदाणे, गुळाचा खडा, राजगिऱ्याचा लाडू, फार तर लिमलेटच्या गोळ्या. आज माझ्या दारात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा आहेत, वेफर्स, कुरकुरीत नळ्या, क्रीमची बिस्किटं. त्या मी मुद्दाम खाली टांगतो, पोराच्या डोळ्यांसमोर येतील अशा. कंपनीचा माणूसच सांगून जातो कुठे टांगायच्या ते. दहा रुपयांची थंड पेयाची छोटी बाटली निघाली तेव्हापासून मजुरी करणारी माणसंही सुटीच्या दिवशी पोरांसाठी नेतात. सफरचंद दहा रुपयांत येत नाही, ही बाटली येते. त्या दोन मजुरांची पोरं तुमच्या यादीत का आली याचं मला तरी नवल वाटलं नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. आमच्या भागात करडईचं तेल घाण्यावरून यायचं. बाया किटली घेऊन यायच्या आणि महिनाभर पुरवायच्या, कारण ते महाग होतं. आता पामतेलाच्या आणि सोयाबीनच्या पिशव्या. जगात सगळ्यात जास्त पामतेल बाहेरून आणणारा देश आपलाच आहे. फरसाण, बिस्किटं, गाड्यावरचा वडा, सगळीकडे तेच. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच-सहा पिशव्या जातात हे मी वहीत रोज लिहितो. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरे, असं सांगतात. तुमच्या घरी किती येतं ते एकदा वाण्याच्या बिलात बघा. तुमच्या घरी सुरुवात त्या पिशवीपासून होईल असं मला वाटतं.

तुमचं लिहिणं वाचल्यावर मी काल माळा वरच्या दांडीला बांधल्या आणि खाली फुटाण्याची बरणी ठेवली. धंद्याला किती फटका बसेल ते बसेल. माझीही नात दुकानातच बसते.

---

बालरोग_पुणे

बाई, आधी एक सांगतो. घासणं आजपासून बंद. त्या पट्ट्याला आम्ही अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतो. घासल्याने तो जात नाही, उलट कातडी जास्त जाड होते. इन्सुलिनचं काम सुधारलं की तो हळूहळू फिका होतो.

आता तुमच्या २ किलो २०० ग्रॅमबद्दल, कारण सगळी गोष्ट मला तिथे दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळीकडून लहान असावीत असं वाटेल. पण मोजलं तर स्नायू लहान, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र जवळपास तितकीच. म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार. हेच मोठेपणीही टिकतं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे प्रौढांना २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, युरोपात २५ आणि ३०. मुलांना हे आकडे लावायचे नसतात, त्यांचे वयाप्रमाणे तक्ते असतात. तुमच्या मुलाचा बीएमआय २७ च्या जवळ जातो. या वयाला तो लठ्ठपणातच मोडतो.

कमी वजनाचं बाळ झपाट्याने, विशेषतः पहिल्या दोन वर्षांनंतर, भरायला लागलं की धोका वाढतो. तुमच्या सासूबाईंनी जे केलं ते त्या काळच्या प्रत्येक आजीने केलं, आणि आम्ही डॉक्टरांनीही वजन वाढलं की शाबासकीच दिली. भूक पिढ्यांच्या शरीरात कशी उतरते याचा एक पुरावा हॉलंडचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे अन्नाची नाकेबंदी झाली. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या आया उपाशी राहिल्या, त्या मुलग्यांत १९ व्या वर्षीच्या लष्करी तपासणीत लठ्ठपणा जास्त आढळला. सासूबाईंना हे जरूर सांगा. बहात्तर साल त्यांच्या आठवणीत आहे तसं थोडंफार घराण्याच्या हाडामांसातही असू शकतं, आणि अशा शरीराला साखर-तेलाचा मारा लवकर बाधतो. नातवाला जपायचंच आहे, फक्त वेगळ्या वाढण्याने.

मुलगा हावरट आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी २०१९ मध्ये २० प्रौढांना एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं दिलं. हवं तितकं खा, म्हणून सांगितलं होतं. कारखान्यातल्या खाण्यावर तीच माणसं दिवसाला ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. मोठ्या माणसांचं हे, तर अकरा वर्षांच्या पोराला काय दोष द्यायचा?

दोन वेळच्या जेवणाचा प्रयोग त्याच्यावर नको. त्याचं वजन उतरवायचंही नाही. उंची वाढतेय, वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ. पंगतीत दोघांना वेगळं वाढू नका. मुलीला आणि मुलाला कमी पडतंय ते एकच आहे, डाळ, उसळ, अंडं, पालेभाजी, फळ. दोघांच्या ताटात आधी ते, मग चपाती किंवा ज्वारीची भाकरी. बिस्किटं आणि पाकिटं घरात आणूच नका, दोघांसाठीही. मुलीला लोह आणि बी१२ जीवनसत्त्वासाठी डॉक्टरांकडे न्याच. मुलाला रोज तासभर दम लागेल असं काहीतरी, आणि रात्री नऊ तास झोप. रक्तदाब आणि यकृताची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा.

तुमच्या वर्गातला सात आणि पाचचा हिशोब महत्त्वाचा आहे. युनिसेफने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की ५ ते १९ वयाच्या मुलांत जगभर लठ्ठपणा ९.४ टक्के झाला आणि कमी वजन ९.२ टक्के. लठ्ठ मुलं पहिल्यांदाच जास्त झाली. दक्षिण आशियात अजून उलट आहे, किडकिडीत मुलंच जास्त. आपल्याला दोन्ही याद्या एकाच वेळी कराव्या लागणार.

---

केरेतारोकर

मी मेक्सिकोत केरेतारो शहरात गाड्यांच्या कारखान्यात काम करतो, मूळ इचलकरंजीचा. इथे तीनातला एकाहून जास्त प्रौढ लठ्ठ आहे. २०१६ मध्ये सरकारने मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आणीबाणी जाहीर केली होती, साथीच्या रोगाला करतात तशी.

इथे काय केलं ते सांगतो. २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी साडेपाच टक्क्यांनी कमी झाली, दुसऱ्या वर्षी जवळपास दहा टक्क्यांनी. ऑक्टोबर २०२० पासून पाकिटांच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोन आले, साखर जास्त, कॅलरी जास्त, मीठ जास्त, असे. चिली देशाने हे आधी, २०१६ मध्ये केलं होतं. ज्याच्यावर काळा शिक्का आहे त्यावर वाघ, ससा, अस्वल असली चित्रं छापायला बंदी. आमच्या नाश्त्याच्या डब्यावरचा वाघ एका रात्रीत गेला. मार्च २०२५ पासून शाळांमध्ये असलं खाणं विकायलाच बंदी आहे.

माझी मुलगी सात वर्षांची. दुकानात गेलो की ती पाकीट उलटसुलट करते आणि म्हणते, "बाबा, याला तीन काळे आहेत, याला एकच." वाचता येत नव्हतं तेव्हापासून मोजते. तिला जाड-बारीक काही सांगावं लागलं नाही. बोलणं पाकिटाबद्दल होतं, तिच्या अंगाबद्दल नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये पाकिटांना तारे देण्याचा मसुदा निघाला होता. मला तारे पटत नाहीत. तारा म्हणजे बक्षीस, पोराला दोन तारेही चांगलेच वाटणार.

---

वऱ्हाडी_मुलगी

मी अकोल्याची, वय २९. मी ती जॅकेटवाली मुलगी होते. माझ्याकडे स्वेटर होता, मे महिन्यातसुद्धा.

ताई, मला शाळेत सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून सर वजन मोठ्याने वाचायचे आणि दुसरे सर वहीत लिहायचे. सातवीत ५८. तो आकडा माझं नाव झाला. पुढची दोन वर्षं मी शाळेत डबा उघडला नाही, घरी येऊन लपून खाल्लं, आणि लपून खाल्लेलं नेहमी जास्तच असतं. घरी मामा, आत्या, सगळे गालाला चिमटा काढून "काय गं ढोले" म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, मला माहीत आहे. तरी आजही कोणी गालाला हात लावला तर मी मागे सरकते.

तुम्ही बाई आहात म्हणून एक विनंती. तुमच्या शाळेत वजन पडद्यामागे घ्या आणि आकडा फक्त आईबापांना सांगा. आणि मुलाला एकदा सॉरी म्हणा, त्या मळाबद्दल. माझ्या आईने मी २४ वर्षांची असताना म्हटलं. तेव्हा मी खूप रडले. आधी म्हटली असती तर बरं झालं असतं.

---

शाळेतली_बाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण काही करून बघितल्याशिवाय लिहायला नको वाटलं.

वऱ्हाडी_मुलगी, त्याच रात्री त्याच्या अंथरुणावर जाऊन बसले. म्हटलं, तो मळ नव्हता रे, मला माहीत नव्हतं, मी चुकीचं बोलले. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मग मी घाण नाही ना?" त्याच्या डोक्यात दीड वर्ष हे होतं. शाळेतला काटा आता मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटाआड ठेवलाय, एकेक मूल आत येतं.

सासूबाईंना हॉलंडची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमची भूक त्याच्या अंगात आली व्हय?" मी म्हटलं, तसंच काहीतरी, आई. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः हुलगे भिजत घातले. आता संध्याकाळी क्लासच्या आधी तो शेंगदाणे, मोड आलेले मूग, कांदा-लिंबू असं खाऊन जातो. ते आजीच करतात आणि तो खातो का हे बघत उभ्या राहतात. वाढायची हौस आहे ती आहेच, फक्त वाटीत आता दुसरं असतं.

तेलाच्या पिशव्या सहा येत होत्या. किराणा_बार्शी, तुमचा अंदाज बरोबर निघाला. या महिन्यात चारवर आलो. त्याच्या बाबांची चिडचिड झाली, भाजी कोरडी लागते म्हणाले. मी भाजीत दाण्याचा कूट घालते, आता बोलत नाहीत.

वर्गात एक केलं. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना कशात किती साखर असते हे दाखवणारे फलक लावायला सांगितलं होतं, आपण जिल्हा परिषदेचे म्हणून कोण अडवतंय? मुलांनाच घरातून रिकाम्या बाटल्या आणायला लावल्या. बारीक अक्षरं भिंगाने वाचली, १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या वर साखर. पाव लिटरच्या बाटलीचा गुणाकार फळ्यावर केला आणि तितकी साखर काट्यावर मोजून काचेच्या ग्लासात ओतली. पाच चमचे भरून वर उरली. मजुराच्या त्या दोन मुलांपैकी एकजण म्हणाला, "बाई, एवढी तर आमच्या घरच्या चहाला दिवसभर लागत न्हाई." ग्लास तसाच खिडकीत ठेवलाय, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत.

जॅकेट अजून घालतो. मी काही बोलत नाही. सकाळी बाबांबरोबर ओढ्याच्या पुलापर्यंत सायकलने जातो, तेव्हा मात्र ते घरी ठेवतो, कारण घाम येतो.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. आमच्या इथल्या डॉक्टरांनी वजनापेक्षा कंबर मोजा म्हणून सांगितलंय. टेप नेमका कुठे धरायचा? बेंबीवर धरला तर ७६ येते, थोडा वर धरला तर ७४.

---

बालरोग_पुणे

सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड बोटाने चाचपून घ्या, त्यांच्या बरोबर मधोमध टेप. पोरगा सरळ उभा, पाय थोडे फाकलेले. श्वास सोडला की वाचायचं, पोट आत ओढू द्यायचं नाही, टेप आवळायचा नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे आजच्या उंचीला ७१ च्या आत. महिन्यातून एकदाच मोजा, सकाळी, आणि खोलीत तुम्ही दोघंच असताना. मुलीचा बी१२ चा आकडा आला की इथे टाका.